शुद्ध म्हणजे किती शुद्ध? : प्रकाश आणि पदार्थांची पारख

महाडच्या औद्योगिक वसाहतीत आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज नोकरीस आहेत. त्यांपैकी काही जण औषधे व रसायने तयार करणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत काम करतात. 'मुलगा क्यूसीत लागला', 'मुलगी लॅबमध्ये आहे' असे पालक अभिमानाने सांगतात. पण तेथे नेमके काम काय, असे विचारले तर 'मशीनवर माल तपासतात' याच्या पलीकडे उत्तर सहसा जात नाही. स्मरणिकेसाठी विज्ञान शिक्षकांकडे लेखाची मागणी झाली तेव्हा या 'मशीन'विषयीच लिहावे असे आम्ही ठरविले. पदार्थावर प्रकाश टाकून पदार्थाची ओळख पटविण्याचे हे शास्त्र आहे. त्याला वर्णपटविज्ञान म्हणतात. त्याचा संबंध केवळ कारखान्याशी नाही. पिण्याच्या पाण्याशी, लेण्यांतील चित्रांशी आणि महाडच्या इतिहासातील एका शब्दाशीही आहे.

आरंभ स्वयंपाकघरापासून करू. गॅसवर आमटी उतू जाते तेव्हा निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. ती पिवळी छटा आमटीतील मिठाची, अधिक नेमके बोलायचे तर मिठातील सोडियमची. अणूतील इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहू शकतात. ज्योतीच्या उष्णतेने ते वरच्या पायरीवर चढतात आणि खाली उतरताना दोन पायऱ्यांमधील अंतराइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर टाकतात. सोडियमच्या बाबतीत हा प्रकाश ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन लगतच्या पिवळ्या रेषांत एकवटतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे मीठ मिठागरातले असो, समुद्रातले असो की आपल्या घामातले असो, रेषा त्याच जागी येतात. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळा, म्हणून त्याच्या रेषांची मांडणीही वेगळी. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहॉफ या दोघांनी १८५९ साली ही गोष्ट पक्की केली आणि पुढच्या दोनच वर्षांत केवळ अनोळखी रेषांच्या आधाराने सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली.

या टप्प्यावर कोकणातील वाचकाला विजयदुर्ग आठवणारच. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली विजयदुर्गाच्या तटावरून सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, ही कथा शाळाशाळांतून सांगितली जाते. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. ही कथा ज्या रूपात सांगितली जाते त्या रूपात ती खरी नाही, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहण झाले आणि त्याचा पट्टा भारतावरून गेला, एवढे खरे. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्या दिवशी आंध्रातील गुंटूर येथे होते, तर ब्रिटिश अधिकारी जॉन हर्शेल आपल्या सीमेलगतच्या जमखंडी संस्थानात वर्णपटदर्शक लावून बसले होते. लॉकियर मात्र भारतात आलेलेच नव्हते. त्यांनी इंग्लंडमधूनच २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात एक पिवळी रेषा होती. सुरुवातीला ती सोडियमची वाटणे साहजिक होते. परंतु काळजीपूर्वक मोजता ती सोडियमच्या रेषांशी जुळेना. तिची जागा ५८७.६ नॅनोमीटर. फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा. तेवढ्या फरकावर विसंबून, पृथ्वीवर कोणी पाहिले नव्हते असे मूलद्रव्य सूर्यावर आहे, असे म्हणण्याचे धाडस लॉकियर यांनी केले. पुढे सत्तावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, लंडन येथे विल्यम रॅम्झे यांना युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली आणि वाद मिटला.

मग विजयदुर्गाचे काय? लॉकियर तेथे आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षे झाली होती. किल्ल्यातील 'साहेबाचे कट्टे' त्या मोहिमेची आठवण देतात. याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आपली उपकरणे उभारली होती आणि सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपले होते. लॉकियर यांचे नाव आपल्याकडील विद्यार्थ्यांना पाठ असते. नायगमवाला यांचे नाव शिक्षकांनाही ठाऊक नसते. हेलियम दिनाच्या भाषणात दोन मिनिटे त्यांच्यासाठी राखून ठेवली, तर किल्ल्याचा मान कमी होणार नाही.

ज्योत स्वतः प्रकाश देते. पण प्रयोगशाळेत येणारे बहुतेक पदार्थ प्रकाश देत नाहीत, ते प्रकाश गिळतात. कारखान्यातील यंत्र या गिळण्याचेच मोजमाप करते. कोकमाचे सरबत घ्या. ते लाल दिसते, कारण त्यातील रंगद्रव्य पांढऱ्या प्रकाशातील हिरवा भाग शोषून घेते आणि उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचू देते. आमसुले जास्त टाकली तर रंग गडद होतो. सरबत तेवढेच ठेवून उंच पेल्यात ओतले आणि वरून पाहिले तरीही रंग गडद दिसतो. या घरगुती अनुभवात एक नियम दडलेला आहे: शोषण हे पदार्थाच्या प्रमाणावर आणि प्रकाशाने त्यातून कापलेल्या अंतरावर अवलंबून असते. बूगेर यांनी १७२९ मध्ये, लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये आणि बीअर यांनी १८५२ मध्ये या नियमाचे निरनिराळे भाग मांडले. आज तो बीअर-लॅम्बर्ट नियम म्हणून शिकविला जातो.

यंत्राची रचना पाहिली की नियम डोळ्यांपुढे उभा राहतो. एका टोकाला दिवा असतो. त्याचा प्रकाश अतिशय बारीक रेघांच्या पट्टीवर पडून रंगारंगांत विभागला जातो आणि त्यातून हवी ती एकच तरंगलांबी निवडली जाते. वाटेत एक सेंटिमीटर रुंदीची चौकोनी कुपी ठेवतात. प्रयोगशाळेतील मुले तिला 'सेल' म्हणतात. पलीकडे प्रकाश मोजणारा संवेदक असतो. शंभर भाग प्रकाश आत गेला आणि दहा भाग बाहेर आला तर शोषणांक १. एकच भाग बाहेर आला तर शोषणांक २. अतिनील प्रकाशात काम करायचे असल्यास कुपी साध्या काचेची चालत नाही, कारण साधी काच तो प्रकाश स्वतःच गिळते; तेथे क्वार्ट्झची, आणि अर्थातच महाग, कुपी लागते. ती फुटली की नव्या कर्मचाऱ्याला वरिष्ठांचे बोलणे का ऐकावे लागते, हे आता पालकांच्या लक्षात येईल.

या मोजमापाचे महत्त्व पाण्याच्या बाबतीत सर्वांत ठळक दिसते. विहिरीच्या पाण्यात खतांमुळे किंवा मैल्यामुळे नायट्रेट मिसळले, तर पाणी गढूळ होत नाही, त्याला वास येत नाही, चवही फारशी बदलत नाही. डोळ्याला ते पाणी निर्मळच असते. परंतु २२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला नायट्रेट अडवते. समजा, लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट मुद्दाम घालून तयार केलेल्या पाण्याचा शोषणांक ०.६० आला आणि आपल्या विहिरीच्या पाण्याचा ०.९० आला. प्रमाण दीडपट, म्हणजे विहिरीत लिटरला १५ मिलिग्रॅम नायट्रेट. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. येथे एक अडचण येते: पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेली सेंद्रिय द्रव्येही २२० नॅनोमीटरला प्रकाश गिळतात आणि नायट्रेट असल्याचा भास करून देतात. म्हणून दुसरे मोजमाप २७५ नॅनोमीटरला करतात. तेथे नायट्रेट जवळजवळ काहीच शोषत नाही, जे शोषले जाते ते या इतर द्रव्यांचे; त्यावरून पहिला आकडा दुरुस्त करून घेतात. लोह, क्रोमियम यांसारख्या धातूंचे अल्प प्रमाण तर एरवी दिसतही नाही. त्यासाठी पाण्यात विशिष्ट रसायन घालून रंग आणावा लागतो. फिनॅन्थ्रोलिन घातले की लोहाचा नारिंगी रंग ५१० नॅनोमीटरला मोजता येतो आणि घातक स्वरूपातील क्रोमियमचा जांभळट रंग ५४० ला.

महाडमध्ये पाणी आणि शुद्धता हे दोन शब्द शेजारी आले की मन १९२७ कडे वळते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी अस्पृश्यांना ते पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर तळे 'बाटले' असे ठरवून त्याची 'शुद्धी' करण्यात आली: शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडविण्यात आल्या. हा इतिहास वाचकांना आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. आम्हांस येथे विज्ञानाच्या शिक्षकाचा प्रश्न विचारायचा आहे. त्या दिवशी तळ्याकाठी आजचे यंत्र असते आणि तिन्ही वेळचे नमुने त्यात लावले असते, तर काय दिसले असते?

पहिला नमुना सत्याग्रहापूर्वीचा, दुसरा सत्याग्रहानंतरचा. माणसांनी ओंजळीने पाणी उचलून प्यावे, याने पाण्याच्या शोषणांकात फरक पडण्याचे कोणतेही कारण नाही. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले असते. कोणत्या जातीच्या ओंजळीला कोणत्या तरंगलांबीवर शोषण येते, अशी नोंद जगातील कोणत्याही तक्त्यात नाही. तिसरा नमुना शुद्धीनंतरचा. दूध आणि शेण यांतील सेंद्रिय द्रव्य २५४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश गिळते; आजही पाण्यातील सेंद्रिय मळाचा अंदाज घेण्यासाठी तीच तरंगलांबी वापरतात. शेण-गोमूत्रातील नत्र सावकाश नायट्रेटमध्ये बदलतो. म्हणजे वक्र वर सरकला असता. तळ्याच्या विस्ताराच्या मानाने १०८ घागरी काहीच नव्हेत, त्यामुळे फरक अत्यल्प असता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण जो काही असता तो अशुद्धीच्याच दिशेने असता. पाणी ज्या कृतीने बिघडले म्हणत होते तिने ते बिघडले नव्हते, आणि ज्या कृतीने सुधारले म्हणत होते तिनेच, थोडे का होईना, बिघडले होते.

पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. तेथेही मुद्दा पुराव्याचाच होता: अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींना सिद्ध करता आले नाही. 'शुद्ध' हा शब्द प्रयोगशाळेत एकटा कधी वापरत नाहीत, त्याच्यामागे नेहमी एक प्रश्न असतो: कशापासून शुद्ध, आणि किती? आज सावित्रीच्या पाण्याविषयी बोलतानाही आपण हेच दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. 'पाणी काळे दिसते' ही तक्रार खरी असू शकते; परंतु कोणते द्रव्य, लिटरला किती, कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी घेतलेल्या नमुन्यात, हे सांगणारी तक्रार टाळणे कोणालाही कठीण जाते. आणि ती मांडू शकतील असे तरुण याच तालुक्यांत तयार झालेले आहेत.

आता औषधांकडे येऊ. भारतीय औषधसंहितेनुसार पॅरासिटामॉलच्या विरल द्रावणाचे शोषण २५७ नॅनोमीटरला मोजून त्याचे प्रमाण ठरविता येते. पण अतिनील वर्णपटातील शिखरे रुंद व गुळगुळीत असतात. दोन भिन्न औषधांचे वक्र डोळ्याला सारखेच वाटू शकतात. 'किती आहे' हे तो चांगले सांगतो, 'कोण आहे' हे तितके खात्रीने सांगत नाही. ओळख पटविण्यासाठी अवरक्त प्रकाशाकडे जावे लागते. रेणूतील अणू जणू स्प्रिंगांनी जोडलेले असतात आणि प्रत्येक बंध आपापल्या गतीने थरथरतो. ज्या अवरक्त तरंगाची गती त्याच्याशी जुळते तो शोषला जातो. त्यामुळे या वर्णपटात अनेक टोकदार दऱ्या दिसतात आणि त्याच्या एका भागाला 'बोटांच्या ठशांचा भाग' असेच म्हणतात. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या पावडरीत खलून, दाबून त्याची नाण्यासारखी चकती करतात. ही पावडर हवेतील ओल फार लवकर धरते. महाड-पोलादपूरच्या जुलै महिन्यात ती ओल कशी आवरावी, हे येथील प्रयोगशाळेत काम केलेल्यालाच विचारावे. चकतीत पाणी शिरले की वर्णपटाच्या डाव्या बाजूला पाण्याची रुंद दरी उमटते आणि काम पुन्हा करावे लागते. अवरक्त पद्धतीलाही मर्यादा आहे: हजारात एखादा भाग भेसळ असेल तर ती तिच्या नजरेतून सुटते. त्यासाठी घटक आधी वेगळे करून मग मोजणारे एचपीएलसी नावाचे यंत्र असते. त्याच्या शेवटी बसवलेला डोळा मात्र बहुधा अतिनील शोषणच मोजत असतो.

प्रकाशाची ही पारख दगडमातीलाही लागू पडते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढताना काळा कातळ मागे पडतो आणि माथ्यावर तांबडा जांभा लागतो. त्या तांबड्या-पिवळ्या रंगांमागे लोहाची दोन खनिजे आहेत: लाल हेमटाइट आणि पिवळे गोएथाइट. पिवळी माती तापविली की तिच्यातील पाणी निघून जाऊन ती लाल होते. कुंभाराच्या भट्टीत हेच घडते. गांधारपाल्याची लेणी आपल्या मुलांच्या नेहमीच्या वाटेवरची. अजिंठा दूर आहे, पण तेथील भित्तिचित्रांत हेच दोन रंग, गेरू आणि पिवडी या रूपांत, मुबलक आहेत. अजिंठ्याचा हिरवा रंग दख्खनच्या कातळातच, त्याच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा आहे. निळा मात्र येथला नाही. पाचव्या शतकातील चित्रांतील निळा रंग लाजवर्द या रत्नाच्या चूर्णाचा, आणि तो दगड येई अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून. चित्राचा कपचाही न काढता हे ओळखण्याची एक पद्धत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात लावलेल्या शोधावर उभी आहे: एकाच रंगाचा किरण पदार्थावर टाकला असता परत विखुरणाऱ्या प्रकाशातील अत्यल्प भागाचा रंग किंचित बदललेला असतो, आणि हा बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो. लाजवर्दाच्या बाबतीत गंधकाच्या तीन अणूंची जोडणी ही खूण देते. त्या निळाईचे कारणही तीच जोडणी आहे.

१९२० ते १९२२ या काळात निझाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून अजिंठ्याच्या चित्रांचे जतन करवून घेतले. त्यांनी चित्रांवर लाखेचा, म्हणजे शेलॅकचा थर दिला. पुढे तो पिवळा-तपकिरी पडला आणि खालचे रंग झाकोळले. शेलॅक अतिनील दिव्याखाली नारिंगी चमकतो, त्यामुळे तो कोठे आहे आणि कोठून निघाला आहे हे पाहत पाहत सफाई करता येते. हेतू चांगला असूनही पदार्थाचा स्वभाव पुरेसा ठाऊक नसला की काय होते, याचे ते उदाहरण होय.

हा विषय घरीही करून पाहण्यासारखा आहे. पुठ्ठ्याचा एक लांबट खोका घ्यावा. एका टोकाला ब्लेडने केसाइतकी बारीक, सरळ फट पाडावी. दुसऱ्या टोकाला, आतल्या बाजूस, जुनी सीडी तिरकी बसवावी आणि तिच्यावर वरून पाहता येईल असे एक लहान भोक ठेवावे. सीडीवर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ६२५ रेघा असतात. यंत्रातील पट्टीचे काम त्या करतात. खोक्याच्या बाकीच्या फटी काळ्या कागदाने बुजवाव्यात. सूर्याकडे फट धरून कधीही पाहू नये. दुपारच्या आकाशाकडे धरावी. तंतूच्या जुन्या दिव्याचा वर्णपट लाल ते जांभळा असा सलग दिसेल. एलईडी दिव्याच्या वर्णपटात एक निळा ठळक पट्टा आणि त्यानंतर रुंद हिरवा-पिवळा-लाल भाग दिसेल. वसतिगृहात अजून असलेल्या जुन्या ट्यूबलाइटकडे धरल्यास सुटसुटीत रेषा दिसतील. त्यांतील ठळक हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरची, नळीतील पाऱ्याच्या वाफेची. आणि ताईंना विचारून गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकले, तर पिवळी रेषा नेमकी कोठे उमटते ते पट्टीवर पेन्सिलीने खूण करून ठेवावे.